"हे अंशतः खरे आहे" असं उत्तर आलं, आता पुढं काय? मंत्र्याला प्रश्नातून खरंच धरता येतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गावातली जलजीवन मिशनची योजना अर्धवट पडलीय, ठेकेदाराची बिलं मात्र निघालीत, तुम्ही आमदारांच्या मागे लागून तारांकित प्रश्न (म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) टाकायला लावला आणि छापील यादीत उत्तर काय आलं तर "(१) हे अंशतः खरे आहे. (२) काम प्रगतिपथावर आहे. (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." मग ह्या प्रकाराला काही अर्थ आहे का, मंत्री कुठं अडकतो का, की सगळा नुसता देखावा?

अर्थ आहे. पण तुम्ही उत्तर आलं म्हणजे विषय संपला असं धरून चाललाय, आणि खरं काम उत्तर आल्यावर सुरू होतं. मी मंत्रालयात कार्यासनावर (म्हणजे विभागातल्या एकेका विषयाच्या टेबलावर) बसून अशी उत्तरं लिहिलीत, आणि नोकरी संपल्यावर काही आमदारांना प्रश्न तयार करून द्यायचं कामही केलंय, त्यामुळे दोन्हीकडची स्वयंपाकघरं बघितलीत. जरा लांबण लागेल, पण नीट सांगतो.

आधी उत्तर तयार कसं होतं ते बघा. प्रश्न स्वीकृत झाला की विधानमंडळ सचिवालयाकडून विभागाकडे येतो, विभागात ज्या कार्यासनाचा विषय असेल तिथं जातो, आणि तिथून लगेच जिल्ह्याला मेल, फोन, व्हॉट्सॲप सुरू, "अतितात्काळ, विधानसभा तारांकित प्रश्न, आजच माहिती पाठवा". जिल्ह्यात ही माहिती कोण लिहितो? ज्याच्या कामाबद्दल प्रश्न आहे तोच. तुमच्या केसमध्ये जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठ्याचा कार्यकारी अभियंता, आणि तो खाली उपअभियंत्याला सांगणार, तो शाखा अभियंत्याला. म्हणजे ज्यानं मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीत) सही केली त्याच्याकडूनच पहिला कच्चा मसुदा वर येतो. मग कक्ष अधिकारी त्याला सरकारी भाषेत बसवतो, अवर सचिव, उपसचिव, सचिव असं करत फाईल मंत्र्याकडे, आणि मंत्री बहुतेक वेळा आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी ब्रीफिंगमध्ये पहिल्यांदा ती नीट वाचतो. सगळ्यांचा हेतू एकच असतो, खोटं बोलायचं नाही पण जेवढं विचारलंय त्यापेक्षा एक अक्षर जास्त द्यायचं नाही. खोटं बोलायला अधिकारी घाबरतो, मोघम बोलायला कुणीच घाबरत नाही.

म्हणून सगळा खेळ प्रश्नाच्या शब्दांवर असतो. आपल्याकडच्या प्रश्नांचा साचा तुम्ही बघितलाच असेल, "मौजे अमुक येथील काम निकृष्ट दर्जाचे झाले असल्याचे माहे जानेवारी मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" हा साचा सदस्याला सोपा पडतो, पण विभागाला त्याहून सोपा पडतो! कारण पहिल्याच भागाला "हे खरे नाही" म्हटलं की पुढचे तिन्ही भाग आपोआप "प्रश्न उद्भवत नाही" होतात, चार ओळींचा प्रश्न तीन शब्दांत निकालात. आणि "निकृष्ट" हे मत झालं, ते कुणी ठरवायचं? विभाग म्हणणार तसं निदर्शनास आलेलं नाही. खरंच आलेलं नसतं, कारण कुणी बघायला गेलेलंच नसतं. आणि "अंशतः खरे" कधी लिहितात तर प्रश्नात दोन गोष्टी एकत्र घातल्या असतील तेव्हा. काम अपूर्ण आहे आणि बिलं पूर्ण दिलीत असं एका दमात विचारलं, त्यातली एक बाब खरी, दुसरी नाही किंवा थोडी इकडंतिकडं, झालं अंशतः खरं. कुठला अंश ते सांगायचं बंधन नाही, तुम्ही विचारलं नाही म्हणून.

मी प्रश्न लिहून द्यायला लागलो तेव्हा पहिला नियम हाच ठेवला की विशेषण एकही नको. भ्रष्टाचार नको, निकृष्ट नको, दिरंगाई नको. तारीख, रक्कम, नाव, क्रमांक. कार्यादेश कोणत्या तारखेचा? काम पूर्ण करायची मुदत कुठली होती? मुदतवाढ किती वेळा दिली, कोणाच्या सहीनं? आजवर किती रक्कम अदा केली, कुठल्या तारखांना? मुदत संपल्यानंतरचा दंड किती वसूल केला? योजनेतून आज दरडोई रोज किती लिटर पाणी जातंय (जलजीवनचा निकष ५५ लिटरचा आहे, त्यामुळे हा आकडा मागितला की विभागाला एकतर ५५ म्हणावं लागतं, जे गावात कुणीही तपासू शकतं, नाहीतर कमी सांगावं लागतं). ह्यातल्या कशालाच "हे खरे नाही" असं उत्तर देता येत नाही.

नियमांचीही तीच अपेक्षा आहे खरं तर. लोकसभेच्या नियमांत प्रश्न साधारण १५० शब्दांच्या वर नको, त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणं नकोत, कुणाचं मत मागू नये, न्यायप्रविष्ट बाब नको असं स्पष्ट आहे, आणि राज्याच्या नियमांची धाटणीही तशीच आहे. लोकांना वाटतं हे नियम सदस्याचं तोंड बांधायला केलेत. मला उलट वाटतं, नियमात बसणारा प्रश्न हाच चावणारा प्रश्न असतो, भाषण ठोकणारा प्रश्न मंत्र्याला फार आवडतो कारण भाषणाला भाषणानं उत्तर देता येतं.

आता तारांकित आणि अतारांकित. तारांकितला मंत्री सभागृहात उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. लोकसभेत एका दिवसाला तारांकित २० आणि अतारांकित २३० असतात, राज्यसभेत १५ आणि १६०, आणि कुणाचा नंबर लागणार ते बॅलटवर, म्हणजे सोडतीवर ठरतं. त्या २० पैकी तासाभरात तोंडी होतात जेमतेम पाच-सात. विधानसभेतही यादी मोठी आणि तास एकच, शिवाय एका प्रश्नावर बऱ्याच आमदारांची नावं एकत्र केलेली असतात, सगळ्यांना एकेक उपप्रश्न हवा असतो. त्यामुळे तुमचा प्रश्न यादीत खाली असेल तर तो पुकारलाच जात नाही, नुसतं छापील उत्तर हातात येतं, आणि तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय. ह्यात आमदारांचा दोष नाही. पण आकडे हवे असतील तर मी म्हणतो मुद्दाम अतारांकितच टाका, लोक त्याला कमी समजतात, आम्ही कार्यासनावर मात्र त्यालाच जास्त वैतागायचो कारण त्यात तक्ते जोडावे लागतात आणि तक्त्यात मोघम लिहिता येत नाही.

तोंडी प्रश्न लागलाच तर उपप्रश्नाची तयारी हवी. मंत्र्याच्या हातात मूळ उत्तराबरोबर पूरक टिपणी असते, कार्यासनानं अंदाज बांधलेला असतो की हा काय काय विचारेल, आणि अधिकारी गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवत असतात. चिठ्ठी यायला वेळ लागतो, तोवर मंत्री "सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केलेला आहे" करत दोन मिनिटं काढतो. इथं आमदारानं एकच प्रश्न विचारून खाली बसायचं. एकच! आमचे बहुतेक आमदार उभं राहून पाच मिनिटं तालुक्याची कहाणी सांगतात, शेवटी तीन प्रश्न एकत्र विचारतात, आणि मंत्री त्यातला सोपा उचलून उत्तर देतो आणि अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारतात. त्यापेक्षा "मुदत संपल्यावर दिलेलं बिल कोणाच्या सहीनं निघालं, आणि त्याची चौकशी किती दिवसांत करून सभागृहाला सांगणार?" एवढं पुरे. उत्तर नसेल तर प्रश्न राखून ठेवायची मागणी करायची, अध्यक्षांनी राखून ठेवला की विभागाची झोप उडते कारण तो परत येणार असतो आणि दुसऱ्या वेळी माहिती नाही म्हणायची सोय नसते.

पाठपुरावा काय करू शकतो त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आजही मुंदडा प्रकरणच आहे. आयुर्विमा महामंडळ (एलआयसी) १९५६ मध्ये स्थापन झालं आणि १९५७ च्या जूनमध्ये त्यानं उद्योगपती हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांचे जवळजवळ सव्वा कोटीचे शेअर घेतले, गुंतवणूक समितीला न विचारता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभेत पहिला प्रश्न आला तेव्हा उत्तर गुळमुळीत मिळालं, म्हणजे तुम्हाला आलं तसलंच. विषय तिथंच मेला असता. पण नोव्हेंबरमध्ये प्रश्न परत आला, आणि मग १६ डिसेंबरला फिरोज गांधींनी सभागृहात चर्चा घडवून कागद घेऊन व्यवहार उलगडून दाखवला. लक्षात घ्या, फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे, पंतप्रधानांचे जावई. सरकारला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा आयोग नेमावा लागला, त्यांनी मुंबईत सगळ्यांसमोर उघड सुनावणी घेतली, लोकांची एवढी गर्दी व्हायची की लाऊडस्पीकर लावले होते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचं म्हणणं होतं की मी असं सांगितलंच नव्हतं, सचिवानं केलं. छागलांनी ते मान्य केलं नाही, सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागेल म्हणाले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींचा राजीनामा झाला.

तुमचा मंत्रीही उद्या हेच म्हणणार, "संबंधित कार्यकारी अभियंत्यास कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली आहे". चांगलंय, पण राज्यघटनेच्या कलम १६४ मध्ये मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे असं लिहिलंय, अभियंता नाही. विधानसभेतलं उत्तर माहिती अधिकारातल्या उत्तरापेक्षा वेगळं पडतं ते इथंच. माहिती अधिकारात जनमाहिती अधिकारी सही करतो, इथं उत्तर मंत्र्याच्या नावानं छापलं जातं, पुढं ते खोटं ठरलं तर ते त्याच्या नावावर असतं.

आता एक वेगळा फसवा प्रकार, माहितीच नाही म्हणायचं. २०२० चं पावसाळी अधिवेशन आठवा, कोविडमुळे संसदेत प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, फक्त अतारांकितची लेखी उत्तरं मिळत होती. १४ सप्टेंबरला लोकसभेत विचारलं गेलं की लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, उत्तर आलं अशी माहिती ठेवली जात नाही, आणि नुकसानभरपाईचं विचारलं होतं तिथं, मग प्रश्न उद्भवत नाही. दुसरं, जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं लेखी उत्तर, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी, केंद्रशासित प्रदेशांनी विशेष करून कळवलेलं नाही. त्या तेव्हा दिंडोरीच्या खासदार, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्याच, आणि तीनच महिने आधी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीची गळती होऊन पुरवठा तुटला आणि वीसच्या वर रुग्ण गेले होते. देशभर संताप झाला. पण आमच्यासारख्या मसुदे लिहिणाऱ्याच्या नजरेनं ते वाक्य वाचा, मेले नाहीत असं कुठं म्हटलंय? राज्यांनी तशा शब्दांत कळवलं नाही एवढंच म्हटलंय. असल्या उत्तरावर चिडून फायदा नाही, पुढचा प्रश्न टाकायचा, राज्यांकडून ही माहिती मागवली होती का, कुठल्या तारखेच्या पत्रानं, कुठल्या नमुन्यात, कुणाचं उत्तर आलं. "माहिती नाही" ह्याच्या मागं नेहमी "मागवली नाही" असतं, आणि ते मात्र मंत्र्याला स्वतःच्या नावानं कबूल करावं लागतं.

आश्वासन समितीबद्दल लोकांना फारच कमी माहिती असते. सभागृहात मंत्र्यानं "चौकशी करू", "कारवाई करण्यात येईल" म्हटलं की ते कामकाजातून वेचून काढलं जातं आणि समितीकडे नोंदवलं जातं. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे, आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत असते, आणि कुठली वाक्यं आश्वासन धरायची त्याची यादीच केलेली आहे, त्यात "बाब विचाराधीन आहे", "मी बघतो" असली बेरकी वाक्यंसुद्धा येतात. राज्यातही अशी समिती आहे. मुदती पाळल्या जात नाहीत, विभाग वाढवून मागत राहतात, कधी आश्वासन वगळा म्हणूनही विनंती करतात, हे सगळं खरं. तरी ज्या सचिवाला समितीपुढं साक्षीला बसावं लागतं त्याला विचारा कसं वाटतं. म्हणून उपप्रश्न असा विचारावा की मंत्र्याच्या तोंडून तारखेसह वाक्य निघेल. तुमच्या उत्तरात "काम प्रगतिपथावर आहे" एवढंच आहे, त्यात धरायला काही नाही. "काम मार्चअखेर पूर्ण करण्यात येईल" असं आलं असतं तर एप्रिलमध्ये तुमच्या हातात काहीतरी होतं.

हक्कभंगाचं (म्हणजे सभागृहाच्या अधिकारांचा अवमान केल्याच्या तक्रारीचं) मात्र फार मनावर घेऊ नका. उत्तर चुकीचं निघालं की आमदार लगेच हक्कभंग आणतो म्हणून गरजतात, पण मंत्र्यानं जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावं लागतं आणि ते जवळपास कधीच दाखवता येत नाही. त्यापेक्षा चूक दाखवून देऊन उत्तर दुरुस्त करून घ्यायचं. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली तशी सोय आहे, मंत्र्याला दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं, आणि ते त्याला हक्कभंगाच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त झोंबतं.

आणि ज्यावर कुणी उघड बोलत नाही ते, सेटिंग. प्रश्न टाकायचा, ठेकेदाराचा माणूस येऊन भेटला की प्रश्नाच्या दिवशी सभागृहात हजरच राहायचं नाही किंवा उपप्रश्न बोथट करायचा, असं होतं का? होतं. सगळे करतात असं नाही, पण तुम्ही गावाकडून आमदारांच्या मागे लागता तेव्हा त्या दिवशी प्रश्न लागल्यावर साहेब काय बोलले ते कामकाजाच्या नोंदीतून बघत जा, सगळं कळतं. हा रोग जुना आहे. १९५१ मध्ये, पहिली निवडणूकसुद्धा व्हायच्या आधी, हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफ बाजारातल्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला, ठराव खुद्द नेहरूंनी मांडला आणि मुदगलांना जावं लागलं. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यात पैसे घेताना दिसलेले ११ खासदार काढले गेले, दहा लोकसभेतले आणि एक राज्यसभेतला, आणि त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोन होते. लोकांनी त्यातून राजकारणी नालायक एवढाच अर्थ काढला. मला दुसरंही दिसतं, प्रश्नाला काही वजनच नसतं तर व्यापाऱ्यांनी त्यासाठी पैसे कशाला मोजले असते?

बाकीची आयुधं पटकन सांगतो. लक्षवेधी (विधानसभेत नियम १०५) ही तातडीच्या बाबीसाठी, त्यावर मंत्री निवेदन करतो आणि मग प्रश्न होतात, टीव्हीवर दिसते म्हणून आमदारांची आवडती, पण संख्या वाढवून वाढवून तिची धार गेलीय असं माझं मत, आणि मंत्रीच जागेवर नाहीत म्हणून लक्षवेधी पुढं ढकलायचेही प्रसंग येतात, मार्च २०२३ मध्ये विरोधी पक्षनेते असलेले अजित पवार त्यावरून भर सभागृहात भडकले होते. अर्धा तास चर्चा तुमच्यासाठी जास्त कामाची, कारण ती आधीच्या प्रश्नाच्या उत्तरातूनच निघते, उत्तर अपुरं आहे म्हणून मागता येते. म्हणजे तुमचं ते "अंशतः खरे" हेच तिचं तिकीट आहे.

तर आता तुम्ही काय करायचं. आलेलं उत्तर प्रश्न क्रमांकासकट जपून ठेवा. माहिती अधिकारात जिल्हा परिषदेकडून कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि बिलांच्या तारखा मिळवा, कारण ज्याचं उत्तर आधीच आपल्या हातात आहे तोच प्रश्न सभागृहात विचारण्यात मजा असते. मग आमदारांकडून अर्धा तास चर्चेची सूचना द्या. ते सत्ताधारी असल्यामुळे कचरत असतील तर विधान परिषदेतल्या एखाद्या सदस्याला गाठा, तिथं सदस्य ७८, विधानसभेत २८८, गर्दी कमी असते आणि उत्तर त्याच मंत्र्याला द्यावं लागतं. शिवाय जलजीवनमध्ये केंद्राचाही पैसा आहे, तेव्हा खासदारांकडून लोकसभेत अतारांकित टाका, महाराष्ट्राला कुठल्या वर्षी किती निधी दिला, किती खर्च झाल्याचं राज्यानं कळवलं, त्यासाठी किमान १५ दिवस आधी नोटीस लागते. तुमच्या गावाचं नाव तिथं घालू नका, राज्याचा विषय म्हणून नाकारतील. राज्यानं दिल्लीला कळवलेला आकडा आणि राज्यानं विधानसभेत सांगितलेला आकडा शेजारी शेजारी ठेवले की बऱ्याचदा जुळत नाहीत, आणि जुळले नाहीत की पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो.

आणि अधिवेशन जाहीर व्हायची वाट बघत बसू नका, सूचना कितीतरी आधी द्याव्या लागतात. नागपूरच्या अधिवेशनासाठी दिवाळीच्या फराळाला गेलात की तेव्हाच साहेबांच्या पीएच्या हातात मसुदा टाइप करून द्या, कोरा कागद दिलात तर तो परत "वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय" असंच लिहून मोकळा होईल.